ग्रां पोरचा जलदुर्ग

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचे जुने गाव आहे. त्याच्या धक्क्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले असता पाण्याचे रंग प्रथम दृष्टीत भरतात. किनाऱ्यालगत फिकट हिरवे, पुढे निळसर आणि दूरवर एकाएकी गर्द निळे झालेले पाणी, आणि या दोहोंच्या सीमेवर पांढऱ्या फेसाची एक अखंड रेघ. त्या रेघेखाली प्रवाळाची भिंत आहे. भिंतीला एके ठिकाणी खिंड आहे आणि मोठ्या जहाजास ग्रां पोरच्या उपसागरात शिरावयाचे तर त्याच खिंडीतून शिरावे लागते. खिंडीच्या तोंडाशी एक ठेंगणे, खडकाळ बेट पहारेकऱ्यासारखे बसले आहे. त्याचे नाव इल द ला पास, म्हणजे वाटेवरचे बेट. त्यावरील पडका किल्ला हा या देशातील राष्ट्रीय वारशाचा भाग होय. हवा शांत असेल त्या दिवशी माहेबूरहून होड्या प्रवाशांना तेथवर घेऊन जातात.

कोकणातून आलेल्यांच्या वंशजांस या देखाव्यात काही ओळखीचे वाटावे यात नवल नाही. १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा त्यांनी केवळ बेट निवडले नाही. भोवतालचे खडकाळ पाणी निवडले. त्या पाण्यातील वाट ज्याला ठाऊक त्याचा किल्ला, असा जलदुर्गाचा पहिला नियम आहे. इल द ला पासचा इतिहास म्हणजे या नियमाचे, हजारो मैल दूरच्या समुद्रात आणि दोन परक्या राष्ट्रांच्या युद्धात मिळालेले प्रत्यंतर होय.

ग्रां पोरचा उपसागर हे या देशाच्या इतिहासाचे प्रवेशद्वारच म्हटले पाहिजे. १५९८ मध्ये डच जहाजे येथेच नांगरली आणि त्यांनी आपला राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून बेटास मॉरिशस हे नाव दिले. १६३८ मध्ये त्यांनी याच किनाऱ्यावर वसाहत व गढी उभारली. परंतु १७१० मध्ये ते हे बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेऊन त्यास इल द फ्रांस असे नाव दिले. पुढे ला बूर्दोने याने पोर्ट लुई हे मुख्य बंदर केले, तरी आग्नेयेकडील ही वाट उघडी ठेवून चालणार नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंचांनी इल द ला पासवर तटबंदी, दारूकोठार, पहारेकऱ्यांची घरे आणि पावसाचे पाणी साठविण्याचे टाके बांधले. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. तोफा कितीही असल्या तरी टाके कोरडे पडले की किल्ला संपला, ही गोष्ट प्रवाशाने ते टाके पाहताना ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

इंग्रजांना हे बेट का हवे होते, हे समजण्यास हिंदुस्थानकडे पाहावे लागते. नेपोलियनच्या युद्धकाळात युरोपातून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या इंग्रजी जहाजांची वाट या बेटांच्या आसपासच्या समुद्रातून जात असे. इल द फ्रांसहून निघालेली फ्रेंच लढाऊ जहाजे आणि सुरकूफसारखे खाजगी लुटारू कप्तान बंगालच्या उपसागरापर्यंत धडक मारून ईस्ट इंडिया कंपनीची मालाने भरलेली जहाजे पकडून आणीत. हा उपद्रव थांबविण्यासाठी १८०९ मध्ये इंग्रजांनी प्रथम रॉड्रिग्ज बेटावर ठाणे दिले. लेफ्टनंट कर्नल कीटिंगच्या हाताखालील त्या लहानशा फौजेत गोऱ्या सैनिकांबरोबर मुंबई इलाख्यातील देशी शिपाईही होते. जुलै १८१० मध्ये शेजारचे बूरबाँ बेट, म्हणजे आजचे रेयुनियाँ, इंग्रजांच्या हाती आले. आता उरले होते ते इल द फ्रांस.

त्याच वर्षी १३ ऑगस्टच्या रात्री ‘सिरियस’ या जहाजाचा कप्तान पिम याने होड्यांतून माणसे पाठवून इल द ला पासवर छापा घातला. हल्ल्याचा नायक लेफ्टनंट नॉर्मन तटावर चढताना गोळी लागून पडला, परंतु त्याच्या मागून आलेल्यांनी किल्ला घेतला. किल्ल्याबरोबर एक अधिक मोलाची वस्तू त्यांच्या हाती लागली. ती म्हणजे फ्रेंचांच्या गुप्त निशाणांची संकेतावली. पिम पोर्ट लुईच्या बाजूस पहाऱ्यासाठी निघून गेला आणि ‘नेरीड’ या जहाजासह कप्तान विलोबी येथे राहिला. विलोबी हा धाडसी, किंबहुना अविचारी म्हणावा इतका धाडसी माणूस होता.

२० ऑगस्ट रोजी सकाळी क्षितिजावर पाच शिडे दिसली. फ्रेंच सेनानी द्युपेरे ‘बेलोन’, ‘मिनेर्व्ह’ आणि ‘व्हिक्टर’ ही आपली जहाजे, तसेच ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकलेली ‘सिलोन’ व ‘विंडम’ ही दोन जहाजे घेऊन परत येत होता. किल्ला शत्रूच्या हाती गेल्याची त्यास वार्ता नव्हती. विलोबीने किल्ल्यावर व आपल्या जहाजावर फ्रेंच निशाण चढविले आणि हाती आलेल्या संकेतांनी, शत्रू उत्तरेकडे फिरत असून येथील वाट निर्वेध आहे, अशी समजूत करून दिली. फ्रेंच जहाजे निःशंकपणे खिंडीत शिरू लागली.

‘व्हिक्टर’ टप्प्यात येताच फ्रेंच निशाण उतरवून इंग्रजी निशाण चढवावयाचे आणि तोफा डागावयाच्या, असा बेत होता. त्या क्षणी किल्ल्यात जे घडले ते युद्धशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शिकविले जात नाही. घाईने खाली ओढलेले फ्रेंच निशाण तोफांसाठी पेटवून ठेवलेल्या विस्तवावर पडले. कापडाने पेट घेतला, जवळच रचून ठेवलेल्या काडतुसांस आग लागली आणि मोठा स्फोट होऊन किल्ल्यातीलच माणसे मेली वा होरपळली. किल्ल्याचा मारा ढिला पडला. ‘मिनेर्व्ह’ आणि ‘सिलोन’ गोळ्यांच्या वर्षावातून आत निसटली. द्युपेरे अजून बाहेर होता. त्यास माघार घेता आली असती. परंतु आपली जहाजे आत एकटी सोडावयाची नाहीत असा निश्चय करून त्यानेही ‘बेलोन’ खिंडीत घातले आणि तोही आत पोचला. केवळ ‘विंडम’ बाहेर राहिले आणि पुढे इंग्रजांच्या हाती लागले.

कोकणच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकास येथे विजयदुर्गाचे स्मरण होईल. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजी आरमाराने तुळाजी आंग्र्यांच्या त्या ठाण्यावर हल्ला केला, तेव्हा एका जहाजाला लागलेली आग पसरत जाऊन बंदरातील सारे आंग्रे आरमार भस्मसात झाले. दोन्ही प्रसंगी दगडी तट जागच्या जागी उभे होते. जलदुर्गाचा घात बहुधा तटाच्या पडण्याने होत नाही. तो आतल्या आगीने, कोरड्या टाक्याने किंवा बाहेरच्या पाण्याने होतो.

आत आल्यावर द्युपेरेने जे केले त्यात त्याच्या विजयाचे मर्म आहे. त्याने आपली जहाजे किनाऱ्यालगत, उथळ पाण्यातील खडकांच्या आड, एका रांगेत नांगरली आणि वाट दाखविणाऱ्या खुणा काढून टाकविल्या. राज्यपाल देकाँ याने पोर्ट लुईहून त्याच्या मदतीस माणसे रवाना केली. इकडे पिम ‘सिरियस’ घेऊन परतला. मागोमाग ‘इफिजेनिया’ आणि ‘माजिसियेन’ ही जहाजे आली. चार इंग्रजी जहाजांसमोर फ्रेंचांची जहाजे कमी बळाची होती. २३ ऑगस्टच्या सायंकाळी इंग्रजांनी चढाई केली, आणि समुद्राने आपला कौल दिला. ‘सिरियस’ खडकावर चढले. ‘माजिसियेन’ खडकावर चढले. दोन्ही अशी रुतली की त्यांच्या बहुतेक तोफांचे तोंड शत्रूकडे वळेना. ‘इफिजेनिया’ आणि ‘मिनेर्व्ह’ यांची झुंज जुंपली. पुढे ‘मिनेर्व्ह’ मागे सरकले, परंतु मधल्या खडकामुळे ‘इफिजेनिया’स तिचा पाठलाग करता येईना. एकटे ‘नेरीड’ ‘बेलोन’च्या पुढ्यात रात्रभर मार खात राहिले.

त्या रात्री द्युपेरे तोंडावर जखम होऊन पडला आणि त्याच्या जागी ‘मिनेर्व्ह’चा कप्तान बूव्हे याने नेतृत्व स्वीकारले. विलोबीचा एक डोळा गेला. सकाळी फ्रेंच ‘नेरीड’वर चढले, तेव्हा त्यावरील दोनशेहून अधिक माणसे मेलेली वा जखमी होती. फ्रेंचांकडील हानीही सुमारे दीडशेच्या घरात होती. रुतलेली दोन्ही जहाजे इंग्रजांनी स्वतःच पेटवून दिली. ‘इफिजेनिया’ला वारा अनुकूल नव्हता. नांगर पुढे टाकावयाचा, दोर ओढून जहाज त्याच्याकडे सरकवावयाचे, पुन्हा नांगर उचलावयाचा, अशा रीतीने ते कसेबसे इल द ला पासपर्यंत आले. परंतु २७ ऑगस्ट रोजी खिंडीबाहेर दुसरे फ्रेंच आरमार येऊन उभे राहिले. मागे शत्रू, पुढे शत्रू, किल्ल्यात जहाजे सोडून आलेली माणसे दाटलेली आणि अन्नपाण्याचा साठा संपत आलेला, अशा स्थितीत किल्ला व जहाज दोन्ही शरण गेली. जो किल्ला एका रात्रीत हाती आला होता, तो पंधरवड्याच्या आत गेला.

जखमी द्युपेरे आणि जखमी विलोबी यांना किनाऱ्यावरील एकाच घरात नेऊन त्यांची शुश्रूषा करण्यात आली. माहेबूरच्या वेशीवर झाडांच्या सावलीत उभे असलेले ते घर १९५० पासून संग्रहालय झाले असून आज ते राष्ट्रीय इतिहास संग्रहालय म्हणून ओळखले जाते. या लढाईतील अवशेष तेथे आहेत. १७४४ मध्ये बुडालेल्या ‘सें-जेराँ’ जहाजाची घंटाही तेथेच आहे. समुद्रकिनाऱ्यावर १८९९ मध्ये उभारलेले स्मारक दोन्ही पक्षांच्या मृतांसाठी आहे. शत्रूंना एका शिळेवर एकत्र आणणारे स्मारक ही थोड्याच देशांच्या वाट्यास येणारी गोष्ट होय. पॅरिसमधील विजयकमानीवर कोरलेल्या नावांत ग्रां पोरचे नाव आहे. नेपोलियनच्या काळातील नाविक विजयांपैकी त्या कमानीवर स्थान मिळालेला हा एकमेव विजय.

तथापि या विजयाचे आयुष्य किती होते? किल्ला परत मिळाल्यापासून शंभर दिवसही ते पुरले नाही. मुंबईच्या सैन्याचा सेनापती जनरल ॲबरक्रॉम्बी याच्या नेतृत्वाखाली सुमारे ७० जहाजांचा काफिला जमला. त्यातील फौजेत बंगाल व मद्रास इलाख्यांचे देशी शिपाईही होते. स्वतः ॲबरक्रॉम्बी वाटेत सप्टेंबरमध्ये फ्रेंचांच्या हाती सापडला होता. कमोडोर रोली याने त्यास लगोलग सोडविले. या वेळी इंग्रजांनी ग्रां पोरच्या वाटेचे नावही काढले नाही. २९ नोव्हेंबर १८१० रोजी ते बेटाच्या उत्तर टोकावर उतरले आणि ३ डिसेंबर रोजी देकाँने शरणागतीच्या करारास मान्यता दिली. इल द ला पासच्या तोफा एका बाजूस समुद्राकडे रोखलेल्या राहिल्या आणि शत्रू दुसऱ्याच दाराने घरात आला.

येथे बहुतेक प्रवाशांची सहल संपते आणि बहुतेक माहितीफलकांचीही. या समाजातही असे म्हणणारे पुष्कळ आहेत की, ही फ्रेंच आणि इंग्रज यांची भांडणे. येथील मराठी माणसाचे पूर्वज त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. मग हा किल्ला त्यांचा कसा? प्रश्न वाजवी आहे. म्हणूनच त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

१८१० च्या करारात इंग्रजांनी बेटावरील रहिवाशांना त्यांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखू देण्याचे मान्य केले. हे अभय मळेवाल्यांना होते. लोकसंख्येत दहांपैकी आठ माणसे जी गुलाम होती, त्यांस त्यात स्थान नव्हते. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस इंग्रजांकडे कायम राहिले आणि शेजारचे बूरबाँ फ्रान्सला परत मिळाले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जादा जकात उठली आणि ती वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीने इंग्लंडात जाऊ लागली. साऱ्या बेटावर ऊस पसरला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा सुमारे ६६,००० माणसे त्या बंधनात होती. मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि मॉरिशस आता त्याच साम्राज्याचा भाग होते, ज्याच्या हाती हिंदुस्थान होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजाने ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईस आणले. त्यापुढील काळात जवळजवळ पाच लक्ष माणसे करारबंद मजूर म्हणून या किनाऱ्यास लागली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले हजारो लोक होते. रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून आलेले हे लोकच येथील मराठी समाजाचे मूळपुरुष होत.

मुंबई इलाख्यातील माणसे तर त्याही आधी येथे आली होती. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे १५०० बंदिवान या बेटावर धाडण्यात आले आणि त्यांच्याकडून रस्ते व सरकारी बांधकामे करून घेण्यात आली. इंग्रजांनी बेट जिंकले नसते तर हे बंदिवानही आले नसते.

शेजारी पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. रेयुनियाँ फ्रेंचांकडे राहिले. तेथेही ऊस होता, तेथेही गुलामगिरी संपल्यावर हिंदी मजूर नेण्यात आले. परंतु ते मुख्यतः तमिळ प्रदेशातून. कोकणची वाट तिकडे वळली नाही. आज रेयुनियाँ हा फ्रान्सचाच एक प्रांत आहे. मॉरिशस मात्र १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले आणि त्याच्या शाळांतून मराठी शिकविली जाते. दोन्ही बेटे एकाच ज्वालामुखी समुद्रातून वर आलेली, एकाच उसाने हिरवी झालेली; त्यांचे नशीब वेगळे झाले ते १८१० मधील लढायांनी आणि त्यानंतरच्या तहाने. ग्रां पोरचा पराभव हा त्या लढायांतील इंग्रजांचा सर्वांत मोठा अपमान होता. लहानसहान तुकड्यांनी हे बेट हाती येणार नाही, हे त्यांस त्या आठवड्यात कळले आणि डिसेंबरपूर्वी तो मोठा काफिला जमला. यास्तव इल द ला पासच्या तटावर उभा राहणारा मराठी मुलगा परक्याच्या घरात उभा नसतो. त्याचा पणजोबा ज्या वाटेने आला, तिचा एक फाटा या खिंडीतून गेलेला आहे.

आता किल्ल्यात काय पाहावे? काळ्या दगडाच्या आणि प्रवाळाच्या भिंती पाहाव्या. त्या वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने झिजल्या आहेत. दारूकोठाराची जाड भिंत पाहावी आणि विस्तवावर पडलेल्या त्या निशाणाची आठवण करावी. टाके पाहावे. तटावरून खिंडीकडे पाहावे, म्हणजे दोन्ही बाजूंस फुटणारी लाट आणि मधली शांत, गडद पट्टी दिसेल. ती पट्टी किती अरुंद आहे हे पाहिल्याखेरीज ही लढाई समजत नाही. मागे वळून सिंहपर्वताच्या पायथ्याकडे पाहावे. त्या किनाऱ्यापुढील पाण्यातच ती रात्र गेली. दुसऱ्या महायुद्धातही या खाडीवर पहारा होता आणि त्या काळी जवळच्या इल ओ एग्रेत बेटावर उभारलेल्या तोफांच्या बैठका आजही टिकून आहेत. बंदुकीची जागा त्या बेटावर आता दुर्मिळ पक्ष्यांनी आणि स्थानिक झाडांनी घेतली आहे. १९६५ पासून ते राखीव आहे.

किल्ल्याच्या दगडांवर शिपायांनी कोरलेली नावे आहेत. पहाऱ्याचे लांब, कंटाळवाणे तास घालविण्यासाठी कोणी आपले नाव, कोणी एखादे चित्र कोरले असेल. प्रवासी ही नावे आवडीने वाचतात आणि ते योग्यच आहे. कारण इतिहास लिहिताना साध्या शिपायाचे नाव क्वचितच उरते. परंतु जे दगड येथे आहेत ते शिपायांनी एकट्याने आणलेले नाहीत. त्या काळच्या इल द फ्रांसमध्ये ओझे वाहण्याचे, दगड फोडण्याचे आणि चुना भाजण्याचे काम मोझांबिक व मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून होत असे. त्यांना लिहिता येत नव्हते, आणि येत असते तरी नाव कोरण्याची मुभा कोणी दिली असती? तटावर ज्यांची नावे आहेत ते काही महिने येथे राहिले. ज्यांची नावे नाहीत त्यांनी तो तट उभारला. हीच गोष्ट पुढे उसाच्या शेतांत घडली. शेतांतील काळे दगड वेचून रचलेल्या त्या प्रचंड राशी आजही उभ्या आहेत. त्या रचणाऱ्या हातांत रत्नागिरीचे हातही होते, आणि त्यांवरही कोणाचे नाव नाही.

मुलांना किल्ला दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे सांगितले तर सहल सार्थकी लागेल. कोणत्या जहाजावर किती तोफा होत्या हे मुले चटकन पाठ करतात. तट कोणी बांधला, टाक्यातील पाणी कोणास मिळे आणि लढाई संपल्यावर कोणाच्या आयुष्यात फरक पडला, हे प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले की किल्ला केवळ शोभेची वस्तू राहत नाही.

या प्रवाळाच्या भिंतीने अगदी अलीकडे आपले अस्तित्व पुन्हा एकवार जाणवून दिले. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे प्रचंड मालवाहू जहाज ग्रां पोरच्या दक्षिणेस प्वांत देस्नीजवळ याच भिंतीवर चढले. ६ ऑगस्ट रोजी त्यातून तेल वाहू लागले. सुमारे हजार टन काळे तेल निळ्या पाण्यात मिसळले आणि इल ओ एग्रेतच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. १८१० मध्ये ज्या पाण्यात दोन साम्राज्यांची जहाजे रुतली, त्याच्या उंबरठ्यावर दोनशे दहा वर्षांनी पुन्हा एक जहाज रुतले; मात्र या वेळी तटावर तोफा नव्हत्या आणि तोफांचा उपयोगही नव्हता.

तेव्हा माहेबूरच्या धक्क्यावर हजारो माणसे जमली. क्रिओल, हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, सर्व प्रकारचे लोक आले. त्यांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले, त्या एकमेकींस जोडून तरंगते बांध तयार केले आणि हातांनी ओढून ते खाऱ्या पाण्यात सोडले. ज्या पिकासाठी कोणाचा पूर्वज साखळदंडात आणि कोणाचा करारात बांधून आणला गेला, त्याच पिकाचा टाकाऊ पाला या खाडीच्या रक्षणास आला. द्युपेरेने वाटेवरील खुणा काढून खाडी राखली होती. या लोकांनी ती पाचटाने राखण्याचा प्रयत्न केला. सगळे तेल अडले नाही, हे खरे. परंतु त्या आठवड्यात हा किनारा कोणाचा आहे, असे कोणी कोणास विचारले नाही.

इल द ला पासला जाणाऱ्याने परतताना होडीतून एकदा मागे वळून पाहावे. किल्ला लवकरच लहान होतो आणि फेसाच्या रेघेत मिसळून जातो. रेघ मात्र दिसत राहते.